सुट्या ढाली

गल्लीत त्यांना सगळे कवळीवाले म्हणत, कारण आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे दात केले. दातांचे डॉक्टर तोंडाचा ठसा घेऊन पाठवायचे आणि हे आपल्या मागच्या खोलीत बसून त्यावरून वरची-खालची कवळी घडवायचे. गल्लीतली निम्मी म्हातारी माणसं त्यांनी केलेल्या दातांनी हसत आणि त्याच दातांनी त्यांची निंदाही करत. दोन्हीला त्यांची हरकत नव्हती. कवळी हलता कामा नये, मग तिच्यातून बाहेर काय पडतं हा ज्याचा त्याचा प्रश्न, असं त्यांचं म्हणणं होतं.

माणूस तसा वाईट नव्हता, पण वाकणारा नव्हता. चहा गार झाला तर तो गार आहे असं सांगायचं नाही, तसाच ठेवून द्यायचा, आणि का प्यायला नाही असं कुणी विचारलं तर ‘इच्छा नाही’ म्हणायचं, ही त्यांची रीत. त्यांची बायको तोच चहा गरम करून पुन्हा आणायची आणि आता झाली का इच्छा म्हणून विचारायची. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ह्यांचा तर सुंभही अजून शाबूत आहे, असं ती धाकट्या जावेला सांगायची.

धाकटी जाऊ वरच्या मजल्यावर राहायची. तिचा नवरा, म्हणजे कवळीवाल्यांचा सख्खा धाकटा भाऊ, शाळेत चित्रकला शिकवायचा. त्याला सगळे मास्तर म्हणत. खाली कवळीवाले, वर मास्तर आणि मध्ये घराच्या बाहेरून जाणारा लोखंडी जिना. त्या जिन्यावरून दोघी जावा दिवसभर वरखाली करायच्या. वाटी वर जायची, वाटी खाली यायची. भावाभावांनी मात्र सात-आठ वर्षांत एकमेकांच्या दारात पाऊल ठेवलं नव्हतं, की तोंडातून शब्द काढला नव्हता.

नातेवाइकांनी ह्या अबोल्याला गच्चीचं कारण देऊन टाकलं होतं. वडिलांनी गच्ची कुणाच्याच नावावर केली नव्हती, तेव्हा भांडण गच्चीवरूनच असणार, हे सगळ्यांना पटण्यासारखं होतं. जावांनीही ते कधी खोडून काढलं नाही. खरं कारण सांगायची दोघींना लाज वाटायची. खरं कारण होतं ढाल, आणि तीही अंगठ्याच्या नखाएवढी.

आता हे नीट सांगायला हवं.

कोपऱ्यावर औषधांचं दुकान आहे. त्याचे मालक दर रविवारी दुपारी दुकान बंद करून मागच्या खोलीत आपल्या साडूशी युद्ध करतात. खोलीभर टेबल, त्यावर हिरवं कापड, थर्माकोलचे डोंगर आणि दोन्ही बाजूंना धातूचे सैनिक, एकेक जण अंगठ्याच्या दोन पेरांएवढा. मोजपट्टीनं अंतर मोजायचं, फासे टाकायचे आणि कोण कोण मेलं ते नियमांच्या पुस्तकात बघायचं. औषधवाले बहुतेक वेळा हरतात. हरले की फाशांना नावं ठेवतात.

हे सैनिक आयते येत नाहीत. पिशवीतून सुटे भाग येतात. धड एक, डोकं दुसरं, भाला धरलेला हात तिसरा, ढाल चौथी. कथलाच्या ओतकामाचे, अंगावर साच्याची शिवण आणि काखेत, मानेपाशी धातूची पातळ झालर राहिलेली. ते सगळं खरवडायचं, घासायचं, जोडायचं आणि मग रंगवायचं. औषधवाल्यांना यातलं काही जमत नसे. त्यांनी स्वतः जोडलेल्या पहिल्या सेनापतीचा हात भर लढाईत गळून पडला, आणि त्याचं काय करायचं याबद्दल पुस्तकात नियम नव्हता. तेव्हा ते पिशवी घेऊन कवळीवाल्यांकडं आले.

कवळीवाल्यांनी एक डोकं चिमटीत धरलं, धडावर टेकवून पाहिलं आणि म्हणाले की ही तर हिरडीच आहे. त्या दिवसापासून मागच्या खोलीत दातांच्या शेजारी सैनिक आले. पुढं दात बंद झाले तरी सैनिक राहिले. युद्धाशी कवळीवाल्यांना काही देणंघेणं नव्हतं. कोण कुणाशी लढतो, का लढतो, हे त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांना जोडणं आवडायचं.

आधी सगळं कोरडं बसवून बघायचं, गोंद नंतर, हा त्यांचा पहिला नियम. दोन भाग एकमेकांवर टेकवायचे आणि डोळे मिटून बोटानं हलवायचे. जरा जरी डुगडुगलं तरी पुन्हा कानस. मग चिमटीत फिरवायच्या बारीक गिरमिटानं दोन्हीकडं भोक, त्यात पितळी तारेची खुंटी, आणि शेवटी टाचणीच्या टोकानं लावलेला गोंदाचा एक थेंब. दोन लावले की तो बाहेर येतो आणि पांढरा पडतो. एक लावला आणि खुंटी बरोबर असली, की सैनिक फरशीवर पडला तरी फरशीला काही झालं का ते बघायचं.

जोडून झालेले सैनिक वर मास्तरांकडं जात. मास्तरांचा हात हलका होता. त्यांनी रंगवलेल्या सैनिकांच्या चेहऱ्यावर भीती स्पष्ट दिसे, आणि औषधवाल्यांच्या हाताखाली लढायचं म्हटल्यावर ती साहजिकच होती. संध्याकाळी शाळा सुटली की मास्तर मागच्या खोलीत येऊन भावाशेजारी स्टुलावर बसत. ‘हे बघ’ आणि ‘हं’ यापलीकडं फारसं बोलणं होत नसे. पण तेवढ्यावर कवळीवाल्यांचा दिवस भरून जायचा.

मग भालेवाल्यांची एक तुकडी आली, प्रत्येकाच्या डाव्या हाताला गोल ढाल. मास्तरांनी सांगितलं की ढाली सुट्या ठेव. ढाल आधी चिकटली की तिच्यामागं ब्रश पोचत नाही, सैनिकाची छाती आणि ढालीची आतली बाजू कोरी राहते. कवळीवाले म्हणाले, दात वेगळे आणि हिरड्या वेगळ्या असं कुणी गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही; माझ्या टेबलावरून माणूस पुरा होऊनच जाईल. आणि ढालीमागं बघतंय कोण? मास्तर म्हणाले की मी बघतो. त्यावर कवळीवाल्यांनी झाडून सगळ्या ढाली चिकटवल्या आणि तुकडी वर पाठवून दिली.

मास्तरांनी पकड घेऊन एकूण एक ढाल उपटली, आत रंग दिला आणि ढाली आपल्या हातानं परत चिकटवल्या. त्या वाकड्या बसल्या. औषधवाल्यांच्या टेबलावर कवळीवाल्यांनी ती तुकडी पाहिली, मोडलेल्या खुंट्या पाहिल्या आणि घरी येऊन जिन्याच्या पायथ्याशी उभे राहिले. मास्तर नेमके जिन्याच्या मध्यावर होते. माझ्या कामाला पकड लावायची असेल तर इथून पुढं माझं काम घेऊ नकोस, असं कवळीवाल्यांनी भावाला सुनावलं.

“तुला माणूस पुरा करायची एवढी घाई असते, दादा,” मास्तर म्हणाले, “की आत काय राहिलं ते बघायला तुला सवडच नसते.” आणि ते वर निघून गेले.

ह्यात इतकी वर्षं न बोलण्यासारखं काय होतं, असं तुम्ही विचाराल. काही नव्हतं. पहिला आठवडा रागात गेला, दुसरा आधी कोण बोलतं ह्याची वाट बघण्यात गेला, आणि पुढं नुसती सवय पडली. सवय मोडायला निमित्त लागतं. कुणी आजारी पडलं असतं तरी चाललं असतं, पण दोघांच्याही तब्येती उत्तम होत्या.

झालं नुकसान ते सैन्याचं. खालचे सैनिक आता ढालींसकट थेट औषधवाल्यांकडं जात आणि औषधवाले ते स्वतः रंगवत. त्यांच्या तुकडीला गोवर आल्यासारखा दिसे. मास्तर साडूचं सैन्य रंगवू लागले. ते साडूनंच जोडलेलं असे, त्यामुळं रंगवता रंगवता हातात सुटं होई. रविवारी हिरव्या कापडावर एकीकडं भक्कम आणि कुरूप, दुसरीकडं देखणं आणि ढिलं, अशी दोन सैन्यं समोरासमोर उभी राहत. तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना, असं म्हणून औषधवाले कधी कधी दोन्हीकडं बोट दाखवत. कवळीवाले ऐकू न आल्यासारखं करत.

एका दुपारी थोरली जाऊ वरून आली आणि दारातच उभी राहून म्हणाली की ती दोघं चाललीत. कुठं, तर मुलीकडं. मुलगी दुसऱ्या देशात, तिला बाळ झालेलं, मास्तरांची शाळा ह्या वर्षी संपली. महिन्याभरात निघायचं, आणि परत यायचं काही ठरवलेलं नाही.

कवळीवाले ‘बरं’ म्हणाले. आणि हातातलं गिरमिट सैनिकाच्या मनगटातून आरपार आपल्या बोटात घातलं.

पुढचे काही दिवस ते बायकोला भलतेच प्रश्न विचारत राहिले. वर पाणी नीट चढतं का? तिकडच्या देशांत थंडी फार असते म्हणतात, खरं का? विमानात रंगाच्या बाटल्या नेऊ देतात का? शेवटी ती म्हणाली, “ताकाला जाऊन भांडं लपवू नका. विचारायचंय ते जिना चढून विचारा.” ते काही चढले नाहीत. पण एक गोष्ट त्यांना चांगली कळून चुकली होती. जगात त्यांचं असं एकच माणूस होतं ज्याच्या शेजारी न बोलता बसून बरं वाटायचं, आणि त्याच माणसाशी ते इतकी वर्षं न बोलता लांब बसले होते. त्यांना भाऊ हवा होता. तो गेला की मागं नुसता अबोला राहणार, आणि तो मोडायलाही समोर कुणी नसणार. ह्या विचारानं ते उगाचच कानस झटकत बसत.

अशात औषधवाल्यांची नवी पिशवी आली. पुन्हा भालेवाले, पुन्हा गोल ढाली. कवळीवाल्यांनी ती टेबलावर ओतली, बराच वेळ नुसती बघितली आणि मग ठरवलं की ढाली चिकटवायच्या नाहीत. जे तोंडानं निघत नव्हतं ते हातानं करायचं.

आता दुसरा कुणी असता तर त्यानं सैनिक जोडले असते आणि ढाली एका पुडीत बांधून दिल्या असत्या. कवळीवाल्यांना अर्धवट काम देणं जन्मात जमलं नव्हतं. त्यांनी प्रत्येक सैनिकाच्या हाताला भोक पाडलं, प्रत्येक ढालीला खुंटी बसवली आणि ज्याची ढाल त्याच्या हातावर कोरडी टेकवून, घासून, पुन्हा टेकवून अशी बसवली की रंगवून झाल्यावर फक्त गोंदाचा थेंब लावायचं काम उरावं. ढाली सगळ्या एका साच्यातून निघालेल्या, दिसायला अगदी सारख्या. पण हातानं पाडलेलं भोक कधी सारखं पडत नाही. एखादं केसभर वर जातं, एखादं तिरपं जातं. त्यामुळं एकाची ढाल दुसऱ्याला बसणार नव्हती. सैनिक त्यांनी बुचांवर रांगेत उभे केले आणि ढाली त्याच क्रमानं चिकटपट्टीवर लावल्या.

डबा बायकोच्या हातात देऊन ते म्हणाले की वर दे आणि सांग, ढाली सुट्या आहेत. एवढंच सांगू का, असं तिनं विचारलं. ते म्हणाले, एवढंच. क्रम मोडू नका हे सांगायचं त्यांना सुचलंही नाही. एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात घालू नका, असं त्यांना आजवर कुणाला सांगावं लागलं नव्हतं.

वर मास्तरांनी डबा उघडला, सुट्या ढाली पाहिल्या आणि, धाकटी जाऊ नंतर सांगायची, कितीतरी वेळ खुर्चीत नुसते बसून राहिले. डोळे दोनदा पुसले. मग उठले आणि कुठलाही रंगवणारा जे पहिल्यांदा करतो ते त्यांनी केलं. साच्याची पूड आणि बोटांचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. म्हणून त्यांनी सगळ्या ढाली पट्टीवरून सोडवल्या, साबणाच्या पाण्यात टाकल्या आणि खळबळून काढल्या. मन भरून आलेलं असल्यामुळं जरा जास्तच खळबळल्या.

दुसऱ्या दिवशी धाकटी जाऊ खाली आली. कवळीवाले सकाळपासून दाराकडं कान लावून बसले होते, पण तिला पाहताच त्यांनी पेपर उघडला.

“भाऊजी,” ती म्हणाली, “ते म्हणतायत, ढाली बसत नाहीत.”

आयुष्यात त्यांना पुष्कळ काही ऐकवलं गेलं होतं, पण बसत नाही हे कुणी ऐकवलं नव्हतं. पेपर पडला. चपला घालायचंही भान राहिलं नाही. तरातरा जिना चढून ते भावाच्या दारातून आत गेले, आणि आपण जिना चढलो हे टेबलापाशी पोचेपर्यंत त्यांच्या लक्षात आलं नाही. तोवर परत फिरायला उशीर झाला होता.

मास्तर कपाळाला भिंग बांधून बसले होते. त्यांचे केस पार पांढरे झालेले कवळीवाल्यांना खालून कधी दिसले नव्हते. समोर सैनिकांची रांग होती आणि शेजारी वाडगा.

“कुठली बसत नाही?”

“कुठलीच नाही.”

कवळीवाल्यांनी वाडग्यात पाहिलं. “धुतल्यास?”

“धुतल्या.”

“सगळ्या एकदम?”

“मग काय एकेकीला वेगळी अंघोळ घालू?”

“ज्याची त्याला होती ती,” कवळीवाले म्हणाले. “प्रत्येकाची वेगळी.”

मास्तरांनी भिंग डोळ्यांवर ओढलं, एक सैनिक उचलून त्याचा हात पाहिला, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. भोकं दिसली, त्यांचे कोन दिसले. वाडग्यातली एक ढाल उलटी करून त्यांनी खुंटीही पाहिली. मग ते हळूच म्हणाले, “एवढं कशाला करत बसलास?”

“सरक,” कवळीवाले म्हणाले आणि स्टूल ओढून बसले.

तिथून पुढं ते रोज वर जाऊ लागले. पद्धत अशी होती की कवळीवाले वाडग्यातून एक ढाल घेत आणि रांगेतल्या एकेका सैनिकाच्या हातावर टेकवून बघत. डुगडुगली की पुढचा. बोटाखाली स्थिर लागली की तो सैनिक ढालीसकट मास्तरांकडं जाई. मास्तर भिंगातून फट बघत आणि ‘बसली’ म्हणत. बसली की ती जोडी बाजूला. दिवसभरात बोलणं म्हणजे एवढंच. बसली. नाही. बघ जरा. अबोल्यात आणि ह्या बोलण्यात बाहेरच्याला फारसा फरक दिसला नसता.

भोवती घर आवरलं जात होतं. धाकटी जाऊ खोक्यांना पट्ट्या लावत होती. आज भिंतीवरचं घड्याळ गेलं, उद्या पडदे गेले. कवळीवाले तिकडं बघत नसत. ढाली निम्म्याच्या पुढं लागल्या होत्या आणि काम चांगलं चाललं होतं, म्हणूनच त्यांचा जीव खालीवर होत होता. काम संपलं की उठायला लागणार होतं.

अशात एका दुपारी एक ढाल हातावर टेकवताच अशी बसली की त्यांना ती परत काढावी लागली. ती त्या सैनिकाचीच होती, ह्यात शंका नव्हती. त्यांनी ती मास्तरांकडं दिली. मास्तरांनी भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, “किंचित हलतेय रे.” ढाल वाडग्यात टाकली आणि बोटानं ढवळली.

कवळीवाल्यांनी तोंड उघडलं. हलतेय म्हणे. आयुष्य गेलं त्यांचं काय हलतं आणि काय हलत नाही हे सांगण्यात. पण त्यांनी भावाकडं पाहिलं. भिंगाखाली मास्तरांचे डोळे मोठे दिसत होते आणि ते भलतीकडंच, खिडकीबाहेर लागले होते. लहानपणी शाळा सुटली तरी पाटीवरचं गणित मुद्दाम पुसून पुन्हा करायला घेणारा, म्हणजे घरी जायला नको, तो हाच. कवळीवाल्यांनी तोंड मिटलं.

“हो,” ते म्हणाले. “हलतेय खरी.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच एक चांगली बसलेली ढाल नाही म्हणून परत टाकली. मास्तरांनी बाजूला ठेवलेल्या जोड्यांतली एक उचलली, हिच्याबद्दल जरा शंका आहे म्हणाले आणि तीही सोडवली. इथून पुढं कामाला उतरती कळा लागली.

“काल निम्म्याच्या वर झाल्या म्हणालात,” थोरल्या जावेनं जेवताना विचारलं. “मग आज निम्म्याच्या आत कशा आल्या?”

“बारीक काम असतं,” कवळीवाले म्हणाले. तिनं त्यांच्याकडं जरा वेळ पाहिलं आणि आणखी वाढलं.

औषधवाले मधूनच जिन्याखालून हाका मारत. रविवारच्या लढाया पुढं ढकलून त्यांचा साडू उतावीळ झाला होता. त्यांना वरून सांगितलं जाई की होतंय. शेवटी शेवटी तर दोघंही खोटं वागतायत हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघंही कपाळाला आठ्या घालून इतक्या गंभीरपणे ढाली टेकवत की धाकट्या जावेला खरंच त्यांची दया यायची. पण विमान काही ढालींसाठी थांबणार नव्हतं.

निघण्याच्या आदल्या दुपारी स्टूल आणि खुर्च्याही शेजाऱ्यांकडं गेल्या. भाऊ दोन खोक्यांवर बसले. टेबल तेवढं राहिलं होतं. मोजक्याच ढाली लागलेल्या होत्या, बाकी वाडगा भरलेला. कवळीवाल्यांनी एक ढाल उचलली आणि ती कुठंच न टेकवता हातात धरून बसले. त्यांना कळत होतं की आज जर तोंड उघडलं नाही तर पुढं फोनवर ‘थंडी कशी आहे’ एवढंच विचारायचं उरेल. त्यांचे हात चांगले स्थिर होते. आवाज तेवढा नव्हता.

“तू जाऊ नकोस,” ते म्हणाले.

मास्तरांनी भिंग वर सरकवलं. “तिकिटं निघालीत, दादा.”

“माहीत आहे. जा तू. पोरीकडं जायलाच पाहिजे. मी नुसतं सांगतोय.” त्यांनी ढाल दुसऱ्या हातात घेतली. “तेव्हा जिन्यावरून वर गेलास, तेव्हाही हेच म्हणायचं होतं. राहून गेलं.”

मास्तरांनी कपाळावरचं भिंग सोडलं आणि सदऱ्याच्या टोकानं ते पुसत राहिले. पुसायची काही गरज नव्हती, काच स्वच्छ होती. पलीकडच्या खोलीत धाकट्या जावेच्या पट्टीचा आवाज थांबला.

“मी पण खाली आलो असतो,” शेवटी ते म्हणाले. “रोज संध्याकाळी वाटायचं. मग वाटायचं, तू म्हणशील आता कशाला आलास.”

“म्हणालो असतो,” कवळीवाले म्हणाले. “पण बस म्हणूनही म्हणालो असतो.”

मास्तरांनी रिकामी बाटली आणली, वाडग्यातल्या आणि सैनिकांच्या हातावरच्या सगळ्या ढाली तिच्यात भरल्या आणि झाकण लावलं. जमलेल्या जोड्याही त्यांनी मोडल्या. हे काय चाललंय असं कवळीवाल्यांनी विचारलं.

“शिपाई तू खाली ने. ढाली मी नेतो. तिकडं दोन्ही बाजूंनी रंगवीन.”

“नुसत्या ढाली रंगवून काय करणार?”

“घेऊन येईन. कुठली कुणाची ते मला एकट्याला कुठं कळतंय.”

“टपालानं पाठवल्यास तरी चालेल,” कवळीवाले म्हणाले. जीभ त्यांची होती, ती अशीच होती.

“टपालात हरवतात,” मास्तर म्हणाले आणि बाटली रंगांच्या खोक्यात न ठेवता आपल्या हातातल्या पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. जावा एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. भावांनी सामान गाडीत कसं रचावं यावर थोडा वाद घातला, जड खोकं खाली की मागं ह्यावर, आणि वाद संपायच्या आत गाडी निघाली. कवळीवाले फाटकापाशी उभे राहिले आणि गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावरही आत आले नाहीत. थोरली जाऊ त्यांना न्यायला गेली तेव्हा ते रडत होते.

पुढच्या आठवड्यात औषधवाले आले. मागच्या खोलीत टेबलावर भालेवाले रांगेत उभे होते, कोरे, डावा हात पुढं करून, हातात काही नाही. औषधवाल्यांनी सगळी हकिकत ऐकली होती आणि ते मोठ्या उत्साहानं आले होते. त्यांनी खिशातून एक पुडी काढून टेबलावर ओतली. कारखान्याला कळवलं, तर त्यांनी नव्या ढाली पाठवून दिल्या होत्या. त्याच साच्याच्या, तेवढ्याच. कवळीवाल्यांच्या हाताला दोन दिवसांचं काम, रविवारी लढाई.

कवळीवाल्यांनी एक नवी ढाल उचलली. सवयीनं ती एका सैनिकाच्या हातावर टेकवली, बोटानं हलवून पाहिली आणि कुठं किती घासायचं ते त्यांच्या लगेच लक्षात आलं. मग त्यांनी ती परत पुडीत टाकली, बाकीच्याही एकेक वेचून टाकल्या आणि पुडी औषधवाल्यांच्या खिशात ठेवली.

“का हो, बसणार नाहीत का?” औषधवाल्यांनी विचारलं.

“बसतील की,” कवळीवाले म्हणाले. “पण ह्यांच्या ढाली माझा भाऊ घेऊन येतोय.”